चिप शेकून बरी होत नाही

हिरवे चौकोन पहिल्यांदा दिसले ते संकासुराच्या अंगावर. जत्रेतल्या दशावतारी नाटकाचं रेकॉर्डिंग मी एडिट करत होते. नाटकातला हा राक्षस, काळ्या वेशातला संकासुर, आला आणि त्याच्या छातीवर, खांद्यावर, मागच्या पडद्यावर बारीक हिरवे तुकडे लुकलुकायला लागले. नवरा मागून डोकावला. "अगो, हे हिरवे चौकोन कसले? कॅमेरो बिघाडलो काय?" कार्डवरची मूळ फाइल टीव्हीला लावून बघितली, ती स्वच्छ होती. म्हणजे दुखणं लॅपटॉपाचं होतं.

आम्ही मालवणला दांडी किनाऱ्याच्या बाजूला राहतो. शूटिंग नवरा करतो, एडिटिंग माझ्याकडे. लग्नं, बारशी, स्कूबा करायला येणाऱ्या पर्यटकांचे पाण्याखालचे व्हिडिओ, यावर घर चालतं. जीव मात्र अडकलेला असतो दशावतारात. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू झाल्या की आमच्या रात्री देवळांच्या आवारात जातात. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतो, आणि त्या रात्री तो जे बोलला ते पुन्हा तसंच कुणाच्या कानी पडत नाही. जुने नट एकेक करून थकत चालले आहेत. त्यामुळे आमच्याकडचं चित्रण नीट राहावं, लोकांपर्यंत नीट जावं, याची मला मनापासून काळजी असते. नाहीतर एका लॅपटॉपाच्या मागे इतकी लागले नसते.

चौकोन फक्त एडिटिंगच्या प्रिव्ह्यूमध्ये येत होते. ब्राउझर, फोटो, टायपिंग, सगळं ठीक. हे लक्षात घेण्यासारखं आहे. माझ्या लॅपटॉपासारख्या अनेक लॅपटॉपांत ग्राफिक्सची दोन साधनं असतात: एक प्रोसेसरच्या पोटातलं, साधं, दुसरी वेगळी चिप, जी जड काम आलं की जागी होते. स्क्रीनची जोडणी पहिल्याशीच असते. दुसरी चिप आपलं काम करून चित्र त्याच्या हवाली करते. म्हणून साध्या कामात काही दिसेना आणि जड कामात हिरवळ उगवली. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन काम प्रोसेसरवर टाकलं, तर चौकोन गायब. पुन्हा चिपवर दिलं, तर हजर. काही दिवसांनी त्यापुढची पायरी आली. काम मध्येच गोठायचं, स्क्रीन काळी होऊन परत यायची आणि कोपऱ्यात सूचना यायची की डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, पुन्हा सुरू झाला आहे. ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, नवा टाकला, जुना टाकून पाहिला. फरक शून्य.

तापमान दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं. काही न करता चिप ६२ अंशांवर आणि रेंडर, म्हणजे कापलेल्या चित्रणाचा पक्का व्हिडिओ करायचं काम, लावला की पाच मिनिटांत ९६. पंखा तर असा ओरडायचा की शेजारची वहिनी विचारायची, मिक्सर लावलाय का. लॅपटॉपाच्या आत तांब्याच्या चपट्या नळ्या असतात. त्या प्रोसेसर आणि चिप दोघांची उष्णता पंख्याजवळच्या जाळीपर्यंत नेतात आणि पंखा ती बाहेर फुंकतो. नळ्या सामाईक, त्यामुळे प्रोसेसर तापला की चिपही त्याच्याबरोबर भाजून निघते. त्यात बाहेरची हवाच मे महिन्यात ३३-३४ अंश. त्या हवेने गार करून करून किती होणार?

मागचं झाकण काढलं. स्क्रू वहीच्या कागदावर, जिथून काढले तिथे खुणा करून ठेवले, कारण सगळे एका लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू भलत्या जागी पिळला तर बोर्डाला भोक पडतं. आधी बॅटरीची वायर सोडवली. वरून पंख्याच्या पात्यांवर थोडी धूळ दिसत होती, त्यात काही विशेष नाही. पंखा उचलल्यावर मात्र कळलं. पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत, बाहेरून अजिबात दिसत नाही अशा जागी, धुळीचा एक सलग थर बसला होता. चिमट्याने ओढला तर अखंड पट्टी निघाली. वरून राखाडी, आतून तांबूस. तांबूस म्हणजे आपली जांभ्याची माती. बोटांना ती दमट लागली, कोरड्या धुळीसारखी भुरभुरली नाही. जाळीच्या टोकांना हिरवट-काळी पुटं चढली होती.

हा दमटपणा कुठून येतो ते समजून घेतलं पाहिजे. किनाऱ्यालगतच्या वाऱ्यात मिठाचे कण असतात आणि ते पंख्यावाटे थेट आत ओढले जातात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. आमच्याकडे पावसाळाभर हवा त्याच्या वरच असते. मग धूळ चिकटते, थर घट्ट होतो, तांबं आणि जोडण्यांची टोकं गंजतात. पुण्यात राहणारी माणसं सांगतात की लॅपटॉप तीन-चार वर्षांत एकदा उघडला तरी पुरे. समुद्राच्या तोंडावर राहणाऱ्याने ते ऐकू नये.

पंख्याला बोटाने धरून ब्लोअर मारला. धरायचा अशासाठी की मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरतो, त्याचे बेअरिंग बिघडतात आणि फिरताना तो उलटी वीजही तयार करतो. चिपची उष्णता नळ्यांकडे नेणारी जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळली होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नवी लावली. रेंडर लावून बघितला, ८१ अंश. पंधरा अंशांचा फरक फक्त साफसफाईने पडला.

चौकोन होते तिथेच होते.

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. तापणं हे एक दुखणं आणि चिपेत झालेली मोडतोड हे दुसरं. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, पण पहिलं बरं केलं म्हणून दुसरं मागे फिरत नाही.

जिल्ह्यातल्याच एका दुकानात नेला. देण्याआधी एसएसडी, जिच्यात सगळ्या फायली असतात ती, काढून घरी ठेवली. ग्राफिक्स चिप गेली म्हणून फायली जात नाहीत, त्या वेगळ्या जागी असतात. तरी दुरुस्तीला देताना आपला माल आपल्याकडे असावा. दुकानदाराने बघितलं आणि लगेच सांगितलं, "ताई, चिप सुटलीय. रिबॉलिंग करावं लागेल." साडेतीन हजार. रिबॉलिंग म्हणजे चिप बोर्डावरून उचलायची, तिच्या पोटाखालचे डाखाचे (सोल्डरचे) जुने गोळे साफ करायचे, नवे बसवायचे आणि चिप पुन्हा जागेवर डाखायची. त्याच संध्याकाळी लॅपटॉप तयार. खरोखरच चौकोन गेले होते. पावसाळाभर चालला, गणपतीतली कामं झाली. आणि ऐन जत्रांच्या तोंडावर, वेंगुर्ल्याकडचं एक आख्यान अर्धं कापून झालेलं असताना, चिप कायमची बसली. आता तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्यापुढे पिवळा त्रिकोण आणि कोड ४३, म्हणजे बिघाड दिसला म्हणून विंडोजनेच ती थांबवलेली. दुकानदार म्हणाला, पुन्हा आणा, पुन्हा करून देतो, अर्ध्या पैशांत. मी नाही म्हटलं.

रात्रीच्या कोकणकन्येने मुंबई गाठली. लालबागला मावसबहिणीकडे अंघोळ-चहा करून लॅमिंग्टन रोडला गेले. एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याने पत्ता दिलेला. एका इमारतीत वर, दोन टेबलांची जागा. बाहेर पाटीसुद्धा धड नाही. तिथल्या दादांनी लॅपटॉप चालू न करता आधी बोर्ड बाहेर काढला, मायक्रोस्कोपखाली धरला आणि मला म्हणाले, "ताई, या, बघा."

चिपच्या चारही कोपऱ्यांना लालसर गोंदाचे थेंब होते. कारखान्यात चिप हलू नये म्हणून लावतात ते. चारही थेंब अखंड, कुठे ओरखडासुद्धा नाही. शेजारच्या प्लास्टिकच्या सॉकेटची एक कड मात्र वितळून वाकली होती आणि आजूबाजूला डाखताना लावतात तो फ्लक्स तपकिरी होऊन वाळलेला होता. "चिप उचलली असती तर हा गोंद आधी खरवडावा लागला असता. हिला कुणी उचललंच नाही. वरून गरम हवा मारलीय फक्त." साडेतीन हजारांचं रिबॉलिंग म्हणजे हे होतं. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मग गरम हवेने ती तीन-चार महिने चालली कशी? हे त्यांनी करूनच दाखवलं. बोर्डावर चिपपाशी तापमान मोजणारी तार चिकटवली आणि गरम हवा सोडली, पण १५० अंशांच्या वर जाऊ दिली नाही. हल्ली वापरतात तो शिसेविरहित डाख २१७ अंशांच्या पुढे वितळतो, शिसं असलेला जुना डाखसुद्धा १८३ ला. म्हणजे खालचा एकही गोळा पातळ झालेला नव्हता. तरी बोर्ड जोडून चालू केला तर चिप पुन्हा ओळखली गेली! "आता सांगा, गोळे वितळले नाहीत, मग जोडलं काय गेलं?"

जोडलं काहीच गेलं नव्हतं. चिप म्हणून आपण जो चौकोन बघतो त्याच्या मधोमध चकचकीत सिलिकॉनचा तुकडा असतो आणि तो एका हिरव्या पायावर बसवलेला असतो. या दोघांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारे डाखाचे शेकडो ठिपके असतात. मोठे गोळे त्या पायाच्या खाली, बोर्डाच्या बाजूला. गरम झाल्यावर सिलिकॉन अगदी थोडं फुगतं, एका अंशाला दहा लाखांत जेमतेम ३ भाग. पाया त्याच्या पाचेक पट फुगतो. गार झाले की दोघं आकसतात, तेही वेगवेगळे. रेंडर लागला, ९६ अंश. संपला, ५०. पुन्हा लागला, ९६. प्रत्येक फेरीत मधले ठिपके ताणले जातात आणि कधीतरी एखाद्याला चीर जाते. वरून हवा मारली की सगळं फुगून चिरेच्या कडा एकमेकींना टेकतात, एवढंच. "दुखऱ्या गुडघ्याला शेक दिला की तासभर बरं वाटतं, तसं आहे हे," दादा म्हणाले. आणि चीर सिलिकॉनच्या पोटाखाली असेल, तर खरंखुरं रिबॉलिंग करूनही उपयोग नाही, कारण त्यात बदलले जातात ते खालचे मोठे गोळे. चिपच नवी लागते.

हा घोळ काही माझ्या लॅपटॉपापुरता नाही आणि आजचाही नाही. जुलै २००८ मध्ये ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एन्व्हिडियाने जाहीर केलं होतं की लॅपटॉपच्या काही चिपांत सिलिकॉन आणि पॅकेजिंगचं साहित्य कच्चं निघाल्यामुळे कंपनी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढते आहे. त्याच वर्षी ॲपलने ८६००एम जीटी चिप असलेले मॅकबुक प्रो फुकट दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं. २०१५ मध्ये २०११ ते २०१३ च्या काही मॅकबुक प्रोंसाठी पुन्हा तीच वेळ आली. त्याआधी, २००७ मध्ये, एक्सबॉक्स ३६० या गेम खेळायच्या यंत्राच्या बिघाडांपायी मायक्रोसॉफ्टला वॉरंटी ३ वर्षांची करावी लागली आणि १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम राखून ठेवावी लागली. माझा लॅपटॉप यांतला नाही, खूप नंतरचा आहे. पण हे वाचल्यावर एक गोष्ट मनाला पटली. चिप मेली की गावोगावचे दुकानदार "तुम्ही नीट वापरला नाही" म्हणून गिऱ्हाईकालाच गुन्हेगार ठरवतात, ते दरवेळी मुकाट्याने ऐकून घ्यायचं कारण नाही. तापवण्यात आपला हात असतो, धूळ आपल्या घरची असते, हे खरं. पण साहित्यातला कच्चेपणा कारखान्यातूनही येतो, आणि एवढ्या मोठ्या कंपन्यांनी तो कागदावर मान्य केलेला आहे.

दादांनी दोन पर्याय ठेवले आणि ते मला फार आवडलं. एक, चिप कायमची बंद करून टाकायची, लॅपटॉप प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालवायचा. खर्च जवळपास नाही, हिशेब, टायपिंग, लग्नाचे फोटो, सगळं होईल. दोन, नवी चिप, नऊ हजार. पूर्ण रात्रीचं फोरके चित्रण, तेही दोन कॅमेऱ्यांचं, असं काम असल्यामुळे मी दुसरा पर्याय घेतला. शाळेत जाणाऱ्या मुलाचा लॅपटॉप असता तर पहिलाच घेतला असता आणि उरलेल्या पैशांत त्याला पुस्तकं आणली असती.

काम लगेच सुरू होईल असं मला वाटलं होतं. दादांनी बोर्ड एका छोट्या ओव्हनमध्ये ठेवला आणि उद्या यायला सांगितलं. "मालवणचा बोर्ड आहे ना. आधी सुकवायला हवा." चिपचं आणि बोर्डाचं आवरण हवेतली ओल शोषून घेतं. तसंच एकदम २२०-२३० अंशांवर नेलं तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि थर फुगून सुटतात. लाहीसारखा तडकण्याचा आवाजही येतो म्हणे. म्हणून आधी शंभर-सव्वाशे अंशांवर कित्येक तास भाजायचं. आमच्याकडच्या दुकानात संध्याकाळच्या संध्याकाळी गरम हवा मारली गेली होती, तीही पावसाळ्याच्या तोंडावर. चिप त्यामुळे अजून बिघडली असेल का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण किनाऱ्यावरच्या माणसाने दुरुस्तीवाल्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे: बोर्ड आधी सुकवणार का? ज्याला प्रश्नच कळत नाही, त्याच्याकडे बोर्ड ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी मी समोर बसून सगळं पाहिलं. खालून तापवणारी पाटी, वरून हवा, मध्ये तापमानाचा आकडा हळूहळू चढत जाणारा. गोंद खरवडला, जुनी चिप व्हॅक्यूमच्या चोखणीने अलगद उचलली. गोळे जिथे बसतात त्या बोर्डावरच्या शेकडो चकत्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने एकेक करून सपाट केल्या. इथे घाई केली तर चकती उपटून येते आणि बोर्ड जातो, म्हणून त्या पंधरा-वीस मिनिटांत दादा एक शब्द बोलले नाहीत. नवी चिप बसवण्याआधी त्यांनी तिच्यावरचे आकडे मला वाचायला लावले. चार आकड्यांत पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे: २१३२ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. बाजारात मेलेल्या बोर्डावरून काढून, गोळे बदलून नवी म्हणून विकलेली चिप सर्रास मिळते. अशा वेळी तारीख आणि कडांवरचे ओरखडे बघायचे. जुनी चिप मी मागून घेतली आणि बिलावर तीन महिन्यांची हमी लिहून घेतली.

परत आल्यावर जुनी चिप आणि गोंदाचे फोटो घेऊन पहिल्या दुकानात गेले. मी काही आरडाओरडा केला नाही, फोटो समोर ठेवले आणि रिबॉलिंग कुठे झालं ते दाखवा म्हटलं. बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी दोन हजार परत दिले. उरलेले दीड हजार अजून येणं आहेत, आणि त्या वाटेने गेले की मी आत डोकावून आठवण करून देते.

आता घर शाकारायचे दिवस आले की लॅपटॉपही उघडते आणि जत्रांच्या आधी पुन्हा एकदा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली आहे. तेवढ्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण सामाईक नळ्यांमुळे चिपलाही मोठा आराम पडतो, ७४-७५ च्या वर जात नाही. खाली लाकडी पट्ट्या ठेवून लॅपटॉप उचललेला असतो. पावसात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत. एसीच्या खोलीतून बाहेर आणला की अर्धा तास तसाच ठेवते, लगेच चालू करत नाही. वेंगुर्ल्याचं ते आख्यान पुरं झालं, नटाच्या घरी पेन ड्राइव्हवर पोचवलं.

परवा स्कूबावाला शेजारी आला. "वैनी, माझो लॅपटॉप बघशात? स्क्रीनवर रेघो येतत. दुकानवालो म्हणता चिप गेली, सात हजार पडतले." त्याचा लॅपटॉप आमच्या टीव्हीला एचडीएमआयने जोडला. टीव्हीवर चित्र स्वच्छ, रेघा फक्त लॅपटॉपच्या स्क्रीनवर, आणि झाकण पुढेमागे केलं की त्या हलायच्या. चिप बिघडली असती तर झाकण हलवून काही बदललं नसतं. नवऱ्याने स्क्रीनची कड उघडली, तर केबलच्या टोकावर हिरवी बुरशी चढावी तशी पूड. अल्कोहोलने पुसून, ब्रशने घासून, सुकवून पुन्हा बसवली. रेघा गेल्या. केबल जुनी झालीय, नवी मागवून घे म्हणून सांगितलंय त्याला, हजाराच्या आत मिळेल.